आडगावच्या काट्याचं स्थलांतर: कामाच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२५, बुधवार

काम ठरलं. नाशिकच्या आडगावच्या पुढे हायवेला लागून कांद्याचं खळं आहे, तिथल्या भुईकाट्याचा कॉम्प्युटर बदलायचा. जुनं मशीन विंडोज एक्सपीचं. त्यावर २००४ साली व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ही जुनी भाषा) मध्ये लिहिलेला काट्याचा प्रोग्राम. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन, तीन प्रतींत पावती, बाहेर लाल-हिरवा दिवा आणि बूम (वर-खाली होणारा आडवा दांडा). एवढंच करतो, पण एकवीस वर्षं बिनबोभाट करतोय. लिहिणाऱ्याने हा धंदा कधीच सोडला, सोर्स कोड कोणाकडेच नाही.

शेठचं म्हणणं एका वाक्यात: "प्रोग्राम बदलायचा नाही, आमच्या आप्पांना तोच येतो." आप्पा काट्यावर बसतात. स्क्रीनकडे न बघता एफ-टू, गाडी नंबर, एंटर, एंटर, एफ-नाइन. माउस कुठे ठेवलाय हेही त्यांना ठाऊक नाही. नवा प्रोग्राम लिहून देणं आम्हाला सोपं गेलं असतं आणि पैसेही जास्त मिळाले असते. पण नोव्हेंबरात लाल कांद्याची आवक वाढली की दारात ट्रॅक्टर-पिकअपची रांग लागते. त्या रांगेसमोर आप्पांना नवी स्क्रीन कोण शिकवणार? शेठचं बरोबर आहे.

नवं मशीन विंडोज ११. ही विंडोज ३२-बिट रूपात निघालेलीच नाही, म्हणजे ६४-बिट आलंच.

मर्यादा: इंडिकेटरला (काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्याला) वैधमापन खात्याचं सील आहे, त्याला हात लावायचा नाही. एक्सई, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ फाइलमधला एकही बाइट बदलायचा नाही. आणि जुनं मशीन शेवटपर्यंत चालू स्थितीत ठेवायचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमकडे नक्की काय मागतो, ते पाहायला जुन्या मशीनवर प्रोसेस मॉनिटर हे नोंदी घेणारं साधन लावलं. आप्पांनी नेहमीप्रमाणे गाड्या केल्या, मी नुसता बघत बसलो.

व्हीबी ६ चं रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवायला लागणाऱ्या फाइली, लागतं. त्याची काळजी नाही. व्हीबी ६ च्या एडिटरचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये संपला, पण रनटाइम मायक्रोसॉफ्ट अजून प्रत्येक विंडोजसोबत देते आणि सांभाळते. हिशेब एमडीबी या डेटाबेस फाइलमध्ये, ती जेट ४ या इंजिनमधून उघडते. तेही विंडोजमध्ये आहे, फक्त ३२-बिट. इंडिकेटर सिरियल पोर्टवर, २४०० बॉड, त्यासाठी एमएसकॉमची ओसीएक्स (प्रोग्रामला जोडायचा तयार भाग). ती विंडोजसोबत येत नाही, जुन्या मशीनवरून उचलून नोंदवावी लागेल. पावती थेट एलपीटी१, म्हणजे प्रिंटरचं जुनं पोर्ट, उघडून. दिवे आणि बूम पॅरलल पोर्टच्या तारांवर, मध्ये एक छोटी डीएलएल (प्रोग्रामने बोलावायच्या फंक्शनांची वेगळी फाइल) आणि तिच्या पोटात एक एसवायएस ड्रायव्हर.

शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारली. अडणार ते तिथेच. ३२-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालतात, ३२-बिट ड्रायव्हर चालत नाहीत. शिवाय नव्या मशीनला पॅरलल पोर्टच नाही.

ओसीएक्स नोंदवताना ऑफिसातला नवा पोरगा गोंधळला, आणि गोंधळण्यासारखंच आहे. ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टीम३२ नावाच्या फोल्डरात ६४-बिट फाइली असतात आणि सिसवाव६४ नावाच्या फोल्डरात ३२-बिट. त्याला वाटलं कोणीतरी उलटं टाकलंय. कारण असं की हजारो प्रोग्रामांच्या कोडमध्ये "सिस्टीम३२" हा शब्द जसाच्या तसा लिहिलेला होता. ते ६४-बिटसाठी पुन्हा बांधले तरी चालावेत म्हणून नाव तेच ठेवलं. ३२-बिट प्रोग्रामने सिस्टीम३२ मागितलं की विंडोज त्याला गुपचूप दुसऱ्या फोल्डरात वळवते. वाचणाऱ्याला विचित्र, चालणाऱ्याला सोयीचं.

यूएसबी-सिरियल केबलला मशीनने कॉम११ दिला. डिव्हाइस मॅनेजरमधून कॉम१ केला. पुढे.

११ ऑक्टोबर, शनिवार

अंबडच्या ऑफिसात नव्या मशीनवर पहिल्यांदा चालवला. प्रोग्राम उघडला आणि इंग्रजीत म्हणाला: ही विंडोज चालणार नाही, २००० किंवा एक्सपी हवी. बंद.

२००४ च्या प्रोग्रामचं हे ठरलेलं दुखणं. विंडोज २००० चा आतला आकडा ५.०, एक्सपीचा ५.१. याने बहुतेक "पहिला आकडा ५ आहे का" एवढंच तपासलंय. पाचाच्या पुढे सहा येतो हे कोणाच्या मनात आलं नाही. व्हिस्टा ६.० झाली तेव्हा असे कितीतरी प्रोग्राम याच एका ओळीने पडले, आतलं बाकी सगळं चालत असूनही. म्हणूनच विंडोज ७ चा आतला आकडा ७ नाही, ६.१ आहे. आणि ८.१ पासून तर विंडोजने खरं सांगणंच सोडलं. प्रोग्रामने मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रात) "मला नवी विंडोज माहीत आहे" असं लिहिलं नसेल, तर आवृत्ती विचारणाऱ्या गेटव्हर्जनएक्स या फंक्शनकडून उत्तर ६.२ मिळतं, मशीन कितीही नवं असो.

आम्हाला सहाही नको, पाच हवा. एक्सईवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३. या खुणेचा अर्थ असा की विंडोज प्रोग्राम आणि खऱ्या फंक्शनांच्या मध्ये एक पातळ थर बसवते आणि त्याला ५.१ सांगते. एक्सईला हात न लावता काम झालं. स्क्रीन उघडली, एफ-टू चालला.

ताईला दाखवलं (आमच्याकडचं लिनक्सचं सगळं तिच्याकडे असतं). ती हसली. "आमच्यातही हेच आहे." २०११ मध्ये लिनक्स २.६ वरून एकदम ३.० वर गेलं. आत काही मोडलं नव्हतं, फक्त आकडा बदलला होता, तरी "२.६" शोधणारे प्रोग्राम अडले. मग कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, सोय केली: मागणाऱ्या प्रोग्रामला ३.० ऐवजी २.६.४० असं सांगायचं. सेटआर्क कमांडला तो पर्याय आजही आहे.

आवृत्तीचा आकडा विचारण्याचं फंक्शन खरं उत्तर देण्यासाठी बनवलं होतं. दोन्हीकडे त्याला जुन्या प्रोग्रामांसाठी खोटं बोलावं लागतंय. मला यात काही वावगं वाटत नाही. प्रोग्रामला आकडा नकोच असतो, "मी इथे चालेन ना?" एवढंच विचारायचं असतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

स्क्रीनवर पार्टीच्या नावांचा चिवडा. पावती इंग्रजी कॅपिटलमध्ये निघते, पण स्क्रीन आणि महिन्याचा अहवाल मराठीत आहे, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टची चाल अशी: फाइलमध्ये साठवलेली अक्षरं खरं तर इंग्रजी आणि युरोपी, मात्रा लावलेली वगैरे, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढतो. तो फॉन्ट मशीनवर टाकला होता. तरी "कांदा"चा का ओळखू येत होता आणि पुढे चौकोन.

शोध लागायला दुपार झाली. एमजी रोडवरच्या ज्या दुकानातून मशीन आलं, तिथल्या मुलाने चांगल्या हेतूने रीजनच्या सेटिंगमध्ये "जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा, बीटा" ही खूण करून ठेवली होती. मराठी हवंय म्हणाले, म्हणून.

विंडोजच्या बहुतेक जुन्या फंक्शनांची जोडी असते. एक ए-चं, बाइटवालं. एक डब्ल्यू-चं, युनिकोडवालं. विंडोज एनटी (आजच्या विंडोजची पूर्वज) १९९३ मध्ये आली तेव्हापासून डब्ल्यू खरं, आणि ए म्हणजे बाइट घेऊन युनिकोड करून डब्ल्यूकडे देणारा दुभाषा. पण विंडोज ९५ मुख्यतः ए-वरच चालायची, त्यामुळे त्या काळचे प्रोग्राम ए-वर लिहिले गेले आणि ए काढून टाकणं कधी जमलंच नाही. दुभाष्याकडे कोडपेज नावाचं कोष्टक असतं. आमच्याकडच्या मशीनवर ते १२५२, पश्चिम युरोपचं. देवनागरीला या ए-बाजूला स्वतःचं कोडपेज कधी मिळालं नाही. म्हणून तर ते फॉन्ट जन्माला आले.

व्हीबी ६ आत युनिकोड ठेवतो, पण स्क्रीनवर दाखवताना कोडपेजमधून बाइटमध्ये उतरवतो. १२५२ मध्ये एका अक्षराचा एक बाइट. यूटीएफ-८ मध्ये १२७ च्या पुढच्या प्रत्येक अक्षराचे दोन किंवा जास्त. फॉन्ट बिचारा एकेक बाइट बघून तुकडे काढतोय, त्याच्या हातात दुप्पट तुकडे आले.

खूण काढली, मशीन पुन्हा चालू केलं, नावं जागेवर. मशीनवर चिठ्ठी चिकटवली: ही खूण करू नये. मराठीसाठी तर मुळीच नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. दिवसभर फोन.

शेठच्या भाच्याने विचारलं, उचलीचा जुना हिशेब फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहे, डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमचा, तोही नव्यावर टाकाल का? नाही चालणार. ३२-बिट विंडोज १० पर्यंत डॉसचे प्रोग्राम आतल्या आभासी डॉसमध्ये चालत. ६४-बिटमध्ये प्रोसेसर ज्या अवस्थेत असतो तिथे ८०८६ या डॉसच्या काळातल्या प्रोसेसरसारखं वागण्याची ती जुनी सोयच नाही, म्हणून विंडोजने तो भाग ६४-बिटसाठी कधी दिला नाही. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडून दिला. वर्षातून एकदा बघतात, पुरे आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे सापडलं ते खळ्यावर सापडलं असतं तर मारामारी झाली असती.

नव्या मशीनवर दोन लॉगिन केली होती. एक काट्याचं, आप्पांसाठी. एक ऑफिसचं, भाच्यासाठी. काट्यावरून चाचणीची पावती काढली, नंबर १. मग ऑफिसच्या लॉगिनमधून काढली. तिचाही नंबर १. परत काट्यावर: २. परत ऑफिस: २. दोघांनाही आपापला हिशेब बरोबर दिसतो, बेरीज जुळते, चूक म्हणून काहीच येत नाही. प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरात जाऊन एमडीबी फाइलची तारीख बघितली, तर ती मी कॉपी केली त्या दिवशीचीच. म्हणजे दोघंही तिसरीकडेच कुठेतरी लिहीत होते.

कुठे, तर प्रत्येकाच्या यूजर फोल्डरात अॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. तिथे दोन वेगवेगळ्या एमडीबी.

एक्सपीत सगळेच अॅडमिन असायचे, त्यामुळे प्रोग्राम आपल्याच फोल्डरात डेटा लिहायचे. व्हिस्टाने ते बंद केलं, साध्या यूजरला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला मनाई. नियमाप्रमाणे नकार दिला असता तर निम्मे जुने प्रोग्राम पहिल्याच सेव्हला पडले असते. म्हणून मधला रस्ता काढला: मॅनिफेस्ट नसलेल्या ३२-बिट प्रोग्रामने तिथे लिहायला घेतलं, तर त्याला "लिहिलं" म्हणायचं, आणि खरी फाइल त्या यूजरच्या कोपऱ्यात ठेवायची. वाचताना आधी तो कोपरा बघायचा. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. ६४-बिट प्रोग्रामांना ही सवलत नाही. त्यांनी नव्या नियमाने लिहावं, ही अपेक्षा.

आवृत्तीचा आकडा खोटा सांगितला तर कोणाचं नुकसान नाही. इथे मात्र एकाच मशीनवर एकाच नंबरच्या दोन पावत्या, दोन गाड्यांच्या. जुन्या प्रोग्रामला सांभाळून घेताना नेमकं कुठे थांबायचं, हे ठरवणं सगळ्यात अवघड काम असावं. सरळ पडलेला प्रोग्राम निदान दिसतो तरी.

उपाय साधा. सगळा फोल्डर प्रोग्राम फाइल्समधून काढून सी ड्राइव्हवर स्वतंत्र ठेवला, दोन्ही लॉगिनना लिहायचा अधिकार दिला. प्रोग्राम डेटा आपल्या शेजारीच शोधतो, त्यामुळे मुकाट मागे आला. दोन्ही व्हर्च्युअलस्टोअर पुसले. नंबर आता एकच चालतो.

उद्या वसुबारस. बाजार समिती दिवाळीला बंद, काटाही बंद. पुढच्या आठवड्यात काम नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पावती. तीन प्रती एकदम हव्यात, म्हणून डॉट मॅट्रिक्सच. प्रिंटर आता यूएसबीचा, प्रोग्राम मात्र एलपीटी१ नावाची फाइल उघडून त्यात अक्षरं ओततो. आधी कॅरेक्टर १५, म्हणजे बारीक टाइप. प्रिंटर शेअर केला आणि नेट यूज कमांडने एलपीटी१ हे नाव त्या शेअरला जोडलं. पहिल्या झटक्यात छापलं. मशीन चालू होताना ही जोडणी पुन्हा व्हावी म्हणून स्टार्टअपमध्ये टाकली.

हे जमतं, कारण एलपीटी१ हे नाव विंडोजमध्ये अजून जिवंत आहे. कॉन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, कॉम१ ते ९, एलपीटी१ ते ९. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, त्यामुळे ही उपकरणांची नावं सरळ फाइलच्या नावांत मिसळली. १९८३ मध्ये डॉस २.० ने फोल्डर आणले. तेव्हा ही नावं एखाद्या ठरावीक फोल्डरात हलवता आली असती, पण चालू प्रोग्राम मोडले असते. म्हणून ती प्रत्येक फोल्डरात आहेत असं मानायचं ठरलं.

आप्पांना हे अनुभवाने माहीत. एका पार्टीच्या आद्याक्षरांवरून कोड पडला होता पीआरएन. तिचा उतारा फाइलमध्ये काढायला गेलं की फाइल बनायचीच नाही, प्रिंटर खडखडायला लागायचा. आप्पांनी कोड बदलून पीआरएन१ केला आणि पुढे गेले. "त्या पार्टीला कागदच आवडतो," म्हणाले.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

लाल रेघेचं काम सुरू.

प्रोग्राम डीएलएलमधली दोनच फंक्शनं बोलावतो. एक पोर्टवर लिहायचं, एक पोर्टवरून वाचायचं. ८८८ या पत्त्यावर दिवे आणि बूम, ८८९ वर सेन्सर, म्हणजे गाडी पूर्ण काट्यावर आहे की चाक बाहेर आहे. विंडोज ९८ पर्यंत प्रोग्राम पोर्टला थेट हात लावू शकत. एनटीच्या वंशात ते बंद, म्हणून आतला तो ड्रायव्हर.

ठरवलं ते असं. त्याच नावाची नवी डीएलएल लिहायची. फंक्शनांची नावं, आर्ग्युमेंटं, कॉल करण्याची पद्धत, सगळं हुबेहूब. आत मात्र पोर्ट नाही. बाहेर खांबावर एक छोटा लिनक्स बोर्ड बसवायचा, त्याला रिले आणि सेन्सर, आणि डीएलएल त्याच्याशी केबलने बोलणार. प्रोग्रामला वाटेल आपण ८८८ वर लिहितोय.

टेबलावर एलईडी लावून पहिलं रूप चालवलं. वाचल्यावर मुद्दामच कायम शून्य द्यायचं ठेवलं, कोण तक्रार करतंय ते बघायला. आणि प्रत्येक कॉलची नोंद फाइलमध्ये.

तक्रार लगेच आली. हिरवा लागला की बूम खाली. नोंद वाचली तर प्रोग्राम लिहिण्याआधी ८८८ वाचतो, आपल्या दिव्याची बिट बदलतो आणि बाकीच्या आहे तशा परत लिहितो. पॅरलल पोर्ट शेवटचा लिहिलेला आकडा धरून ठेवतो, याने त्यावर भरवसा टाकलाय. मला दोन फंक्शनं दिसत होती. प्रोग्रामच्या दृष्टीने ती एक छोटी मेमरी होती. डीएलएलमध्ये शेवटचा आकडा धरून ठेवला, बूम वर राहिला.

मग सेन्सर उलटा. गाडी नसताना "गाडी आहे". तार पोर्टच्या बिझी पिनवर होती, आणि ती एक बिट हार्डवेअर स्वतःच उलटी करून देतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते धरून कोड लिहिला. म्हणजे आता नसलेल्या हार्डवेअरची उलटापालट मला सॉफ्टवेअरमध्ये करायची. केली, आणि शेजारी तीन ओळींची कॉमेंट लिहिली. नाहीतर पुढचा माणूस "हे काय" म्हणून काढून टाकेल.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सगळं बरोबर, फक्त गाडी चढली की स्क्रीन गोठते.

नोंदीत ८८९ चे कॉल हजार-हजारच्या झुंडीने. सेन्सरचं उत्तर हजार वेळा सारखं आलं तरच खरं मानायचं, असं प्रोग्राममध्ये असावं. जुन्या मशीनवर एका वाचनाला काही मायक्रोसेकंद, म्हणजे हजार वाचनं डोळ्याची पापणी लवण्याआत. माझी डीएलएल प्रत्येक वाचनाला केबलवरून बोर्डला विचारत होती. एका विचारण्याला एक मिलिसेकंद धरला तरी सेकंद गेला, आणि तेवढ्यात प्रोग्राम इंडिकेटरचं वजन वाचत नाही.

आता डीएलएलच्या मागे एक वेगळा थ्रेड (समांतर चालणारं काम) बोर्डला विचारत राहतो, आणि वाचनाला शेवटचं उत्तर लगेच मिळतं. खोटे धक्के गाळण्याचं काम बोर्डकडे दिलं, कारण हजार वाचनांना आता काही अर्थ उरला नाही.

वेग हा इंटरफेसचा भाग आहे असं कुठल्याही कागदावर नव्हतं. हायरम राइट या गूगलमध्ये काम केलेल्या इंजिनिअरच्या नावाने हा नियम ओळखला जातो: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही कागदावर काय कबूल केलंय त्याला महत्त्व राहत नाही, जे जे दिसतं त्या सगळ्यावर कोणी ना कोणी विसंबलेला असतो. माझ्याकडे वापरणारा एकच प्रोग्राम, तरी तीन जागी अडलो.

ताईने मेमकॉपीची गोष्ट काढली. सी भाषेतलं हे फंक्शन एका जागेची मेमरी दुसरीकडे नेतं. दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या असतील तर वापरू नका, असं कागदावर पहिल्यापासून. २०१० च्या अखेरीस फेडोरा १४ या लिनक्समध्ये जी ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) आली, तिच्यात काही प्रोसेसरांवर ते वेगासाठी उलट्या दिशेने कॉपी करायला लागलं. फ्लॅश प्लेअर नियम मोडून चढलेल्या जागांवर ते वापरत होता, आणि जुन्या दिशेमुळे इतकी वर्षं निभावलं होतं. लोकांच्या व्हिडिओंचा आवाज खरखरायला लागला. चूक फ्लॅशची, पण लोकांना दिसलं ते असं की अपडेट केलं आणि गाणं बिघडलं. ग्लिबसी २.१४ मध्ये मेमकॉपीची नवी आवृत्ती निघाली. नव्याने बांधलेल्या प्रोग्रामांना नवी, आधीच बांधलेल्यांना जुनी आणि सुरक्षित वागणूक. एकाच नावाची दोन फंक्शनं एका लायब्ररीत, आवृत्तीच्या चिठ्ठीसह.

१ नोव्हेंबर, शनिवार

बोर्ड आणि डीएलएलमधली बोली ठरवायला ताईसोबत बसलो. माझा विचार: दोन बाइट पाठवू, पोर्ट आणि आकडा, संपलं. ताई म्हणाली, "अरे, तू आता ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांच्या जागेवर बसलायस. हा बोर्ड दहा वर्षं खांबावर राहील, डीएलएल बदलत राहील. आधी वाढायला जागा ठेव."

तिने दोन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या. पहिली, प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला त्याची लांबी. विंडोजमध्ये ही जुनी चाल आहे. ती आवृत्ती विचारणारी रचनाच घ्या, तिचा पहिला रकाना म्हणजे रचनेचा आकार. नंतर रकाने वाढवून मोठी रचना आली, आणि जुना प्रोग्राम कुठला, नवा कुठला, हे त्या आकारावरून कळतं.

दुसरी, न कळलेली बिट आली तर सरळ नकार द्यायचा, दुर्लक्ष करायचं नाही. लिनक्सच्या फाइल उघडणाऱ्या ओपन कॉलने हे केलं नाही. अनोळखी फ्लॅग आला तर तो गप्प बसायचा. परिणाम असा की नवा फ्लॅग काढला तर जुन्या कर्नलवर प्रोग्रामला कळायचंच नाही की तो मानला गेला की नाही. आणि आता नकार द्यायला लागलं तर इतकी वर्षं कचरा पाठवूनही चाललेले प्रोग्राम पडतील. २०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये ओपनएट२ आला. त्यात रचना, तिचा आकार, आणि अनोळखी बिटला नकार, तिन्ही आहेत. जुना ओपन तसाच आहे. म्हणजे दुरुस्ती म्हणून शेजारी नवं दार काढलं, जुनं बुजवलं नाही.

मला हे पटायला वेळ लागला नाही, ८८८ ताजा होता.

बोलता बोलता कुंपणाचा, म्हणजे न मोडण्याचं वचन नेमकं कुठे द्यायचं याचा, विषय निघाला. लिनक्सने वचन दिलंय ते सिस्टीम कॉलला, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे काम मागतो त्या दारांना. ३२-बिट इंटेलवर ओपनचा नंबर ५, तो ५ च राहणार. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यावर किती कडक आहेत ते २०१२ च्या डिसेंबरातल्या त्यांच्या मेलवरून सगळ्यांना माहीत आहे. एका ड्रायव्हरने त्रुटीचा कोड बदलला आणि साउंडचे प्रोग्राम बिघडले, तेव्हा दोष प्रोग्रामवर ढकलणाऱ्या जबाबदार माणसाची त्यांनी सगळ्यांसमोर हजेरी घेतली. नव्या प्रोसेसरवर मात्र पाटी कोरी करता येते. ६४-बिट एआरएमवर ओपन हा कॉलच नाही, ओपनएटपासून सुरुवात. तिथे जुने प्रोग्रामच नव्हते, मोडणार कोण?

विंडोजमध्ये सिस्टीम कॉलचे नंबर आवृत्तीगणिक बदलतात, कारण वचन एक पायरी वर आहे, कर्नल३२, यूजर३२ या डीएलएलना. म्हणून आमची एक्सई चालली. ड्रायव्हरचं मात्र दोन्हीकडे वेगळं. लिनक्स उघड सांगतं की कर्नलच्या आतल्या इंटरफेसला वचन नाही, ड्रायव्हर आमच्या झाडात, म्हणजे कर्नलच्याच सोर्समध्ये आणा, मग आम्हीच बदलत नेऊ. विंडोजमध्ये ड्रायव्हर आवृत्त्या ओलांडतात, पण ३२ वरून ६४ वर नाही, आणि ६४-बिटवर ड्रायव्हरला डिजिटल सही लागते.

बोर्ड ३२-बिट एआरएमचा आहे. १९ जानेवारी २०३८ ला ३२-बिट वेळ भरून उलटा होतो, म्हणून ताईने डेबियन १३ हेच लिनक्स टाकलं. ऑगस्टमध्ये आलेल्या या आवृत्तीत ३२-बिट एआरएमची वेळ ६४-बिट केली आहे. गंमत म्हणजे त्याच आवृत्तीत ३२-बिट इंटेलची वेळ जुनीच ठेवली, कारण डेबियनचं ते रूप आता जुने तयार प्रोग्राम चालवण्यासाठीच उरलंय. बदललं असतं तर ठेवण्याचं कारणच गेलं असतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

खळ्यावर बसवलं. द्वारका चौकाच्या गर्दीत तास गेला.

जुनं मशीन शेजारीच चालू ठेवलं, पण इंडिकेटरची केबल एकच. तिला दोन तोंडं केली, दोघं फक्त ऐकतात. प्रत्येक गाडी दोन्हीवर केली. वजनं सारखी, पावत्या सारख्या, दिवे फक्त नव्याचे. एक पिकअप मागचं चाक बाहेर ठेवून थांबली, लाल राहिला, बूम उघडला नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आप्पांनी मान वर न करता हात दाखवला: पुढे घे.

आप्पांची एकच तक्रार, एफ-नाइन दाबल्यावर पूर्वी प्रिंटर लगेच सुरू व्हायचा, आता क्षणभर थांबतो. स्पूलर, म्हणजे छपाईची रांग लावणारा विंडोजचा भाग, मध्ये आला, त्याचं आहे. "राहू द्या, सवय होईल," म्हणाले. तरी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये "शेवटचं पान येण्याची वाट न बघता छापायला घे" हे तपासायचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

राहिलेली कामं. जुन्या मशीनच्या डिस्कची पूर्ण प्रत काढून शेठकडे आणि आमच्याकडे एकेक. डीएलएलचा सोर्स, कॉलच्या नोंदी आणि बिझी पिनची कॉमेंट एकत्र छापून काट्यावरच्या फाइलीत, कारण मागच्या वेळी सोर्स हरवला तो पेनड्राइव्हवरच होता म्हणे. विंडोजच्या मोठ्या अपडेट खळ्याच्या मशीनवर थांबवून ठेवल्या. आधी ऑफिसातल्या तशाच मशीनवर घ्यायच्या, दोन लॉगिन, पावती नंबर, मराठी नावं, बूम, एवढं बघायचं, मग तिथे.

शेठने आज विचारलं, पावती शेतकऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर जाईल का. एक्सईला न विचारता जाईल. एमडीबी बाहेरून वाचता येते. ताई म्हणाली फक्त वाचायची, त्यात एकही रकाना वाढवायचा नाही. सोमवारी बघू.